वाळवंटातल्या घळीत एक दिवस : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या नाशिककरांच्या बेतांत हल्ली ग्रँड कॅन्यनच्या जोडीला आणखी एक गोष्ट दिसते : युटा राज्यातल्या वाळवंटात गाईडबरोबर दिवसभराचं कॅन्यनिअरिंग. वाळूखडकाच्या अरुंद घळीत वरच्या तोंडाने शिरायचं, वाटेतले कडे दोरावरून उतरायचे आणि खालच्या तोंडाने बाहेर पडायचं, असा हा प्रकार. आलेल्या पत्रांतले सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मुलाने आम्हा दोघांसाठी युटातल्या मोआब गावी एका कंपनीतर्फे दिवसभराचं कॅन्यनिअरिंग ठरवलंय. माझं वय ५८, पत्नीचं ५४. ब्रह्मगिरी-अंजनेरी दरवर्षी होते, हरिहरच्या पायऱ्याही चढून-उतरून झाल्यात. दोर मात्र कधी धरलेला नाही. जमेल का? आणि दिवसभर नेमकं काय करतात?
— एक बँक कर्मचारी, गंगापूर रोड

उत्तर : हरिहरच्या पायऱ्या तोल न जाता उतरता येत असतील तर नवख्यांसाठीच्या घळी तुम्हाला जमतील. दोराचा अनुभव नसला तरी चालतं, तो तिथे शिकवतात. गुडघे मात्र तुमचे तुम्हालाच न्यायचे आहेत. ब्रह्मगिरी उतरल्यावर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागत असेल, तर बुकिंग करतानाच कंपनीला सांगा. घळीत दोरावर जाणारा वेळ थोडा असतो. बाकीचा दिवस दगडांवरून बसत-घसरत उतरण्यात, गुडघाभर उंचीच्या पायऱ्यांवरून खाली पाय सोडण्यात आणि वाळूतून चालण्यात जातो.

दिवसाचा क्रम साधारण असा. सकाळी सात-आठला कंपनीच्या दुकानात जमायचं. जबाबदारीच्या कागदावर सही करायची (ती वाचून करा, आजारांबद्दलचे प्रश्न त्यातच असतात). हार्नेस (कंबर-मांड्यांना बांधायचा पट्ट्यांचा साज) आणि हेल्मेट तिथेच मापून घ्यायचं. मग गाडीने घळीच्या वरच्या अंगाला जायचं आणि उघड्या कातळावरून चालत तोंडाशी पोचायचं. एखाद्या छोट्या उतारावर सराव, त्यानंतर खरे कडे, शेवटी घळीतून बाहेर चालत गाडीपर्यंत. मोआबला नवख्यांना बहुतेकदा मॉर्निंग ग्लोरी या नैसर्गिक कमानीजवळच्या घळीत नेतात. तिथे दोन मोठे उतार आहेत. शेवटचा शंभर फुटांच्या आसपासचा असून तो २४३ फूट लांबीच्या त्या कमानीलगत उतरतो. मग ग्रँडस्टाफ कॅन्यनमधून सुमारे चार किलोमीटर, ओढा पुन्हा पुन्हा ओलांडत बाहेर. कमानीपाशी पॉयझन आयव्ही नावाची वनस्पती दाट वाढते. एका देठावर तीन पानं असतात आणि स्पर्श झाला की दिवसा-दोन दिवसांनी अंगावर खाजरे फोड येतात. गाईड दाखवेल त्या झुडपाला हात, काठी, पिशवी काहीच लागू देऊ नका. त्या झुडपाचं तेल पिशवीला लागलं तर ते नंतर तुमच्या हातालाही लागतं.

सॉल्ट लेक सिटी ते मोआब मोटारीने सुमारे पावणेचारशे किलोमीटर, म्हणजे चार तास आहे. पहाटे निघून त्याच दिवशी घळीत उतरू नका, आदल्या रात्री मोआबला राहा.

आणि घरातल्या दोघांनीही आधी समजून घ्यावी अशी गोष्ट : हरिहरवर अर्ध्या पायऱ्यांतून परत फिरता येतं. इथे पहिला कडा उतरून गाईडने दोर खाली ओढून घेतला की परतीची वाट बंद. पुढचे सगळे उतार करूनच बाहेर पडावं लागतं. त्यामुळे 'नको वाटलं तर बघू' हा निर्णय पहिल्या दोराच्या वर घ्यायचा, खाली नाही. चांगला गाईड तो प्रश्न तिथे थांबून स्वतःच विचारतो.

प्रश्न : कंपनीच्या माहितीपत्रकात '३ए-II' असं लिहिलंय. हे काय?
— एक अभियांत्रिकी विद्यार्थी, कॉलेज रोड

उत्तर : अमेरिकन प्रतवारी आहे. पहिला आकडा वाटेचा : १ म्हणजे चालणं, २ म्हणजे हात लावून चढ-उतार, ३ म्हणजे दोराची गरज, ४ म्हणजे अवघड आणि गुंतागुंतीचं दोरकाम. अक्षर पाण्याचं : ए कोरडी किंवा थोडं पाणी, बी साचलेलं पाणी (पोहावंही लागू शकतं), सी वाहता प्रवाह. रोमन आकडा वेळेचा : I दोन-एक तास, II अर्धा दिवस, III बहुतेक दिवस. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ३ए किंवा ३बी आणि II याच्या पुढे जाऊ नये. पुढे आर किंवा एक्स लिहिलेलं असेल तर धोका नेहमीपेक्षा जास्त. ती घळ नवख्यांना विकणारी कंपनी टाळावी, हे आमचं स्पष्ट मत.

प्रश्न : आम्ही ऑगस्टमध्ये जाणार आहोत. वाळवंटात पावसाची काय भीती? शिवाय सकाळी आकाश स्वच्छ असलं की पुरे ना?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : पंचवटीत राहणाऱ्याला हे समजावणं सोपं आहे. रामकुंडावर ऊन पडलेलं असतं, पाऊस त्र्यंबकला झालेला असतो, गंगापूर धरणातून पाणी सुटतं आणि दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत बुडतो. वाळवंटातल्या घळीचं गणित तेच आहे. फरक एवढाच की तिथे मध्ये धरण नाही, भोंगा नाही, आणि लोंढ्याला मोकळं पात्र नाही. घळ काही ठिकाणी खांद्याएवढी रुंद असते. उघड्या मैदानात घोट्याइतकं पसरलेलं पाणी त्या फटीत शिरलं की पुरुषभर उंचीचं होतं.

पाणी इतक्या वेगाने येतं याचं कारण जमीन. आपल्याकडे माती, गवत, झाडी पाऊस थोडा तरी धरून ठेवते. तिथे मैलोन्‌मैल उघडा कातळ आणि त्यावर मातीचा पातळ थर असतो. पडलेलं जवळजवळ सगळं पाणी लगेच वाहू लागतं आणि वाटेतली वाळू, ओंडके, दगड घेऊन येतं. घळ कोरली गेली तीच अशा वाळूमिश्रित लोंढ्यांनी.

तिकडेही मॉन्सून असतो : जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी गडगडाटी पावसाचा जोर. त्यामुळे 'सकाळी आकाश स्वच्छ' या वाक्याला ऑगस्टमध्ये फारसा अर्थ नाही. ढग दुपारी बांधले जातात. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातल्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये अकरा पर्यटक वाहून गेले. घळीवर विशेष पाऊस नव्हता, वादळ काही मैल दूर झालं होतं. त्यातल्या काही जणांबरोबर सहलीचा गाईड होता, हेही लक्षात ठेवा. १४ सप्टेंबर २०१५ ला युटातल्या झायन राष्ट्रीय उद्यानात कीहोल कॅन्यनमध्ये उतरलेले सातही जण दगावले. ते स्वतःच्या जबाबदारीवर, गाईडशिवाय गेले होते. कीहोल लांबीला अगदी लहान, नवख्यांची मानली जाणारी घळ आहे. लहान घळ म्हणजे कमी धोका, ही समजूत पुराच्या बाबतीत चुकीची ठरते.

म्हणून गाईडला आदल्या संध्याकाळी आणि त्या सकाळी हे विचारा. घळीचं पाणलोट क्षेत्र किती मोठं आणि कुठल्या दिशेला? त्या क्षेत्रावरचा हवामान खात्याचा आजचा अंदाज काय? मोआब शहराचा अंदाज पुरत नाही. झायनच्या परिसरात हवामान खातं अचानक पुराची शक्यता चार शब्दांत सांगतं : अपेक्षित नाही, संभवते, बरीच शक्यता, अपेक्षित. पहिल्या शब्दाच्या पलीकडे काही असेल तर अरुंद घळ सोडून द्यावी. घळीतून किती वाजता बाहेर पडणार? ऑगस्टमध्ये दुपारी एकनंतर आत असण्याचं काही कारण नाही. आत शिरल्यावर मध्येच वर चढून सुटण्याच्या जागा कुठे आहेत? गाईडने रद्द केलं तर पैसे परत मिळतात का? हा शेवटचा प्रश्न पैशांसाठी नाही. रद्द केल्यावर ज्या कंपनीचं नुकसान होतं, तिच्या गाईडवर आत नेण्याचा दबाव असतो. उघड विचारलेलं बरं.

आत असताना स्वच्छ पाणी एकदम गढूळ होणं, पातळी बोटभर जरी वाढणं, काड्या-कचरा वाहत येणं, वरच्या अंगाने सतत घरघर ऐकू येणं ही लक्षणं दिसली तर पुढे पळू नका. लोंढ्याच्या पुढे पळता येत नाही. मिळेल तिथून वर चढा, सॅक टाका, आणि पाणी ओसरेपर्यंत वरच थांबा, कारण पहिल्या लोंढ्यामागे दुसरा येऊ शकतो. जोरात वाहणारं सहा इंच पाणीसुद्धा मोठ्या माणसाचे पाय उचलतं.

तारीख हातात असेल तर एप्रिल ते जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ घ्या. ऑगस्टच ठरला असेल तर पहाटेची वेळ आणि रुंद, सुटायला जागा असलेली घळ मागा.

प्रश्न : कपडे कोणते? माझे केस लांब आहेत आणि मंगळसूत्र काढायची सवय नाही.
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : मंगळसूत्र, अंगठी, बांगड्या, कानातले लोंबते डूल मुक्कामी काढून ठेवा. यात तडजोड नाही. अंगठी कातळाच्या फटीत अडकून वजन त्या बोटावर आलं तर बोट सोलून निघतं. केसांची वेणी घालून ती शर्टाच्या आत किंवा हेल्मेटखाली. ओढणी, मफलर, जॅकेटच्या दोऱ्या, हेल्मेटचा सुटा पट्टा हे सगळं डिसेंडरमध्ये (हार्नेसला लावलेलं, दोर अडवत सोडणारं धातूचं साधन) ओढलं जातं. दोरावर लटकलेल्या माणसाचे केस त्यात अडकले तर तो स्वतः सोडवू शकत नाही, कारण सोडवायला वजन दोरावरून काढावं लागतं. असं झालंच तर हालचाल थांबवा, खालचा हात सोडू नका, ओरडून सांगा.

पँट जाड, ताणणारी, पायघोळ नसलेली. बसून घसरताना पातळ ट्रॅक पँटची बैठक पहिल्या तासात फाटते. वर पूर्ण बाह्यांचा फिकट रंगाचा शर्ट. पूर्ण कोरड्या घळीत सुती चालतो, पाण्याच्या घळीत सुती अजिबात नको. ओला सुती कपडा अंगाला चिकटून उष्णता ओढत राहतो. बाहेर चाळीस अंश असताना आत कुडकुडणारी माणसं हा तिथला नेहमीचा प्रकार आहे. ऊन न पोचणाऱ्या खळग्यांतलं पाणी उन्हाळ्यातही गार असतं. कंपनी वेटसूट (गार पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख) देणार असेल तर तो तीन-चार मिलिमीटरचा आणि मापाचा आहे ना, दुकानातच घालून पाहा. सैल वेटसूटमध्ये पाणी आत-बाहेर खेळतं आणि त्याचा उपयोग संपतो.

बूट पायाला सवय झालेले, घोटा धरणारे, रबराचा तळ मऊ असलेले. वाळूखडक कोरडा असताना सॅन्डपेपरसारखा पकडतो, त्यामुळे खोल खाचांपेक्षा मऊ रबर जास्त कामाचं. सँडल आणि नवे कोरे बूट दोन्ही नकोत. चामड्याचे हातमोजे कंपनी देते, नसतील तर बागकामाचे साधे चालतील.

हार्नेस घातल्यावर स्वतः तीन गोष्टी पाहा. कमरेचा पट्टा कंबरेच्या हाडाच्या वर बसला आहे आणि खाली ओढला तरी घसरत नाही. मांडीच्या पट्ट्यात सपाट तळहात जातो, मूठ जात नाही. पट्ट्याचं टोक बकलातून उलटं फिरवून पुन्हा आत घातलेलं आहे किंवा कंपनीने सांगितल्या रीतीने बंद आहे. हेल्मेट भुवईच्या दोन बोटं वर, मागे सरकलेलं नको.

प्रश्न : कड्याच्या टोकाशी मागे वळून पाय टाकायचा, या कल्पनेनेच पोटात गोळा येतो. नीट तंत्र सांगाल का?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : गोळा येतो कारण शरीर कड्याला चिकटू पाहतं, आणि दोरावर नेमकं उलटं करायचं असतं. भिंतीला मिठी मारली की वजन पायांवरून जातं, बूट सुटतात आणि गुडघा-कोपर आपटतात.

दोराकडे पाठ नको, तोंड. गाईडने डिसेंडरमध्ये दोर घातला, कॅराबिनर (डिसेंडर हार्नेसला जोडणारी धातूची कडी) बंद करून लॉक फिरवला की तो तुम्ही हाताने दाबून पाहायचा. उघडला नाही पाहिजे. खालच्या बाजूचा दोर ज्या हातात, तो ब्रेकचा हात. तो नितंबाच्या बाजूला, खाली आणि किंचित मागे. हा हात जमिनीला पाय लागेपर्यंत सुटत नाही. चष्मा नीट करायला नाही, फोटोला हात हलवायला नाही. दुसरा हात वरच्या दोराला नुसता टेकवा. नवशिके वरचा दोर घट्ट आवळतात. त्या हाताने वजन पेलता येत नाही, फक्त दोन मिनिटांत मनगट दमतं.

आता कड्याच्या टोकाशी पाय खांद्याइतके फाकवून उभे राहा आणि खुर्चीत बसल्यासारखे मागे बसा. आधी बसायचं, मग पाय हलवायचे. उलट क्रम केला की पाय खाली जातात, छाती कड्यावर येते. हार्नेसने वजन घेतल्याचं जाणवलं की ब्रेकच्या हातातून दोर थोडा-थोडा सरकू द्या आणि एक पाऊल खाली. तळवे भिंतीवर सपाट, गुडघे किंचित वाकलेले, नजर खालच्या पुढच्या पावलाच्या जागेवर. उड्या मारत उतरू नका. प्रत्येक उडीला अँकरवर (दोर जिथे बांधलाय त्या आधारावर) झटका बसतो आणि कड्याच्या धारेवर दोर घासतो. फार वेगाने उतरल्यास डिसेंडर तापतो, तळाशी पोचल्यावर त्याला उघडा हात लावू नका.

मोआबच्या त्या शेवटच्या उतारासारख्या ठिकाणी भिंत आत जाते आणि तुम्ही हवेत लटकता. तिथे पाय शोधत बसायचं नाही. बसल्या स्थितीत राहा, थोडं गरगर फिरणं साहजिक आहे, दोर सोडत राहा.

हात सुटलाच तर? सहसा गाईडने दुसरी सोय केलेली असते. खाली उभा माणूस दोराची टोकं धरून असतो. त्याने ती ओढून ताणली की डिसेंडरमधला दोर आवळला जाऊन तुम्ही जागीच थांबता. त्याला बॉटम बिले म्हणतात. पहिल्या माणसाला मात्र खालून धरणारं कुणी नसतं, म्हणून नवख्याने पहिलं उतरायचा आग्रह धरू नये. शिवाय जाणते गाईड वरचा दोर असा बांधतात की तुम्ही मध्ये अडकलात तर तोच दोर वरून सैल सोडून तुम्हाला तळाशी उतरवता येतं. सरावाच्या वेळी 'मी अडकले तर तुम्ही काय कराल?' एवढं विचारा. उत्तर लगेच आणि हाताने दाखवून मिळालं पाहिजे.

प्रश्न : आमचा ट्रेकिंग ग्रुप आहे. स्वतःचे दोर, डिसेंडर, सह्याद्रीतला अनुभव आहे. मग गाईडचे पैसे का द्यायचे?
— एका गिर्यारोहण गटाचे सदस्य, सिन्नर

उत्तर : पहिल्या वेळी तरी द्या. तुमचं दोरकाम चांगलं असेल. पण तुमचे डोळे बेसॉल्टला सरावलेले आहेत.

आपला कातळ कठीण. तिथला वाळूखडक म्हणजे ज्युरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्या दाबल्या जाऊन झालेला दगड. तो ओला झाला की कणांना धरून ठेवणारा बंध सैल पडतो आणि कोरडा असताना वजन पेललेली खाच तुटून हातात येते. म्हणून तिथले लोक पावसानंतर एक ते तीन दिवस चढाई टाळतात. आपल्याकडे पावसाळी कातळ निसरडा होतो, मऊ होत नाही. ही सवय घेऊन गेलात की घात होतो.

दुसरी गोष्ट दोर ओढण्याची. मऊ कड्यावर दोर ओढत राहिलं की खोल खाचा पडतात. त्या विद्रूप दिसतात हा एक भाग, पण त्यांत दोर किंवा गाठ रुतून बसते आणि पुढच्या उताराला तुमच्याकडे दोरच राहत नाही. उपाय म्हणून अँकरची स्लिंग (दोर अडकवायचा पट्ट्याचा फास) कड्याच्या धारेपलीकडे लांबवतात आणि शेवटून दुसरा माणूस खाली पोचल्यावर दोर हातभर ओढून पाहतो. सरकत नसेल तर वर राहिलेला शेवटचा माणूस तो दुरुस्त करू शकतो. ही चाचणी विसरणं हे गट अडकण्याचं नेहमीचं कारण.

तिसरी अँकरची. कातळात ठोकलेले बोल्ट सगळीकडे नसतात. कुठे झाड, कुठे फटीत अडकलेला धोंडा, कुठे दगडांचा ढीग रचून त्यात गाडलेली स्लिंग. काही ठिकाणी वाळूने भरलेली ताडपत्रीसारखी झोळी अँकर म्हणून वापरतात आणि खालून दोरी ओढून ती रिकामी करून परत मिळवतात. दोन मुठी कमी वाळू किंवा चुकीचा उतार, आणि झोळी शेवटच्या माणसासकट घसरते. हे वाचून शिकायचं काम नाही.

दोर स्टॅटिक, म्हणजे न ताणणारा हवा. चढाईचा डायनॅमिक (ताणणारा) दोर लांब उतारावर रबरासारखा खाली-वर होतो आणि धारेवर करवतीसारखा घासतो. दोराच्या टोकाला गाठ मारायची का, यावर आपल्याकडे वाद होतात. कोरड्या उतारावर मारा, दोर तोकडा पडला तरी माणूस टोकावरून निसटत नाही. खाली खोल किंवा वाहतं पाणी असेल तर मारू नका, आणि दोर पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतच सोडा. पाण्यात ती गाठ डिसेंडरला अडकली की माणूस सुटू शकत नाही. विहीगावसारख्या आपल्या धबधब्यांवरही हाच नियम.

परवान्यांची माहितीही हवी. आर्चेस राष्ट्रीय उद्यानात कॅन्यनिअरिंगला परवाना लागतो. झायन उद्यानाच्या आत दोराच्या घळींसाठी परवाना लागतो आणि तिथे व्यावसायिक गाईडला परवानगीच नाही. 'झायनची गाईडेड ट्रिप' म्हणून विकली जाते ती उद्यानाबाहेरच्या जमिनीवर होते. त्यात फसवणूक नाही, पण काय विकत घेताय ते माहीत असू द्या.

प्रश्न : त्या दिवशी श्रावणी सोमवार येतोय. उपवास करून जाता येईल का? पाणी किती न्यावं?
— एक गृहिणी, पंचवटी

उत्तर : निर्जळी किंवा फक्त दुधा-फळावरचा उपवास त्या दिवशी नको. फराळाचा चालेल, किंबहुना उपवासाचे जिन्नस घळीला साजेसे आहेत : शेंगदाण्याचे लाडू, राजगिऱ्याची चिक्की, खजूर, तळलेले खारे शेंगदाणे. चुरा होत नाही, उन्हात आंबत नाहीत. सकाळी निघताना भगर-आमटी पोटभर.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरा, त्यातलं निम्मं चालताना संपलेलं असावं. पण नुसतं पाणी ढोसत राहणंही वाईट. घामातून मीठ जातं, रक्तातलं सोडियम उतरतं आणि डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं सुरू होतं. उष्माघाताची लक्षणंही अशीच असल्याने लोक आणखी पाणी पाजतात. म्हणून इथूनच ओआरएसची तीन-चार पाकिटं न्या आणि दर तासाला काहीतरी खारं खा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल तर त्या दिवसाच्या मात्रेबद्दल डॉक्टरांशी आधी बोला, आणि इन्सुलिन उन्हात ठेवू नका.

शौचाचं पत्रात कुणी विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. वाळवंटात मैला कुजत नाही, त्यामुळे तो खास पिशवीत बंद करून परत आणायचा असतो. गाईडकडे पिशव्या असतात. लाजून पाणी कमी पिऊ नका.

प्रश्न : विमा, टिप वगैरे?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : पालकांसाठी घेतलेल्या साध्या प्रवासविम्यात साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात. पॉलिसीत 'दोर वापरून केलेले खेळ' किंवा रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं) हा शब्द शोधा. नसेल तर साहसी खेळांची जोड घ्या आणि ती लेखी मिळवा. हेलिकॉप्टरने सुटका आणि आधीपासूनचे आजार यांत येतात का, हेही पाहा. गाईडला फीच्या पंधरा ते वीस टक्के टिप देण्याची तिकडे रीत आहे. खर्चात धरूनच चला.

प्रश्न : जाण्याआधी नाशिकजवळ सराव कुठे करावा?
— एक दाम्पत्य, देवळाली कॅम्प

उत्तर : सर्वांत जवळचा नमुना म्हणजे सांदण. घोटी-भंडारदरामार्गे अकोले तालुक्यातलं साम्रद गाव, तिथून पायी. घळ सुमारे दोन किलोमीटर लांब, दोन्ही बाजूंना उंच कातळ, सुरुवातीला पाण्याचे डोह, मग मोठमोठ्या धोंड्यांची उतरण, आणि पुढे गेलात तर दोराचे टप्पे. नोव्हेंबर ते मे हा काळ. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, प्रवेशशुल्क भरावं लागतं आणि वनखात्याचे नियम पाळावे लागतात. पाऊस पडायला लागल्यापासून डोह उतरेपर्यंत तिथे पाऊल ठेवू नका, धोंडे तिथवर आणले ते पाण्यानेच.

सांदणमध्ये तुम्हाला धोंड्यांवर पाय टाकायची, सॅक घेऊन अरुंद जागेतून सरकायची, कमरेइतक्या गार पाण्यातून जायची सवय होईल. पहिला रॅपलिंगचा टप्पा माहीतगार संस्थेबरोबर केलात तर मोआबला सरावाच्या उतारावर हात थरथरणार नाहीत. मात्र तिथला उन्हाचा कोरडेपणा आणि पायाखालची वाळू इथे मिळणार नाही.

घरच्या घरी : महिनाभर रोज जिन्यावरून सहा किलोची सॅक घेऊन सावकाश उतरणं. चढणं लिफ्टने केलंत तरी चालेल, मांड्या उतरतानाच तयार होतात. आठवड्यातून दोनदा भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं, तीस सेकंदांपासून सुरुवात.

प्रश्न : नऊ वर्षांच्या नातीला नेऊ का? आणि जावई ड्रोन आणणार म्हणतोय.
— एक आजोबा, सिडको

उत्तर : नातीच्या वयापेक्षा तिचं वजन आणि कंबर महत्त्वाची. लहान मुलाची कंबर नितंबापेक्षा बारीक नसते, साधा हार्नेस उलटं लटकल्यास निसटू शकतो. तिच्यासाठी छातीपर्यंतचा पूर्ण हार्नेस आहे का, हे बुकिंगलाच विचारा. हलक्या मुलांचा दोर डिसेंडरमधून सरकतच नाही, त्यांना वरून सोडावं लागतं. त्याची तयारी असलेला गाईड हवा.

ड्रोन राष्ट्रीय उद्यानांत चालत नाही, बंदी आहे. बाकी जागी गाईडला विचारून.